सहनशक्तीचे गुण

"रडू किती येतं? एक ते पाचमध्ये सांगा," अपघात विभागातल्या परिचारिकांची सहनशक्ती मोजायला आलेल्या सरांनी विचारलं.

"पाच. रोज," कुंभारे सिस्टर म्हणाल्या. सहनशक्ती कमी निघालेल्यांची बदली लसीकरणाला होणार होती. तिथे फक्त बाळं लाथा मारतात. सहा वर्षं पेशंटच्या नातेवाइकांचा मार खाल्लेल्या सिस्टरांनी नापास व्हायचं ठरवलं होतं.

तेवढ्यात एका पेशंटचा मेव्हणा "डॉक्टर कुठंय?" म्हणत घुसला आणि त्याने सलाईनचा स्टँड थेट सरांच्या कपाळात घातला. रक्त फॉर्मवर उडालं. सिस्टरांनी सवयीने स्टँड हिसकावला, मेव्हण्याचा हात पिरगाळून त्याला बाकाखाली कोंबलं, "गप पड रे भाऊ," म्हणाल्या आणि सरांची जखम धुवायला घेतली.

सर भारावले. "ताई, हात जरासुद्धा थरथरला नाही तुमचा!" त्यांनी रक्ताळलेल्या फॉर्मवर पैकीच्या पैकी गुण लिहिले. "आता तुम्हाला इथून कोणी हलवत नाही!"

सिस्टरांनी हातातलं भुलीचं इंजेक्शन परत ट्रेमध्ये ठेवलं.

"खुर्ची घट्ट धरा, सर," त्या म्हणाल्या आणि टाके घालायला लागल्या.