तीन नंबरची आजी

तीन नंबरच्या आजीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिच्या बाजूनं बोलायला खोलीत कुणीच नव्हतं. बाकी तिघींचे वंशज मात्र तावातावानं भांडत होते.

"मारेन थोरली. चित्रात तिचा झगा सगळ्यांत उठून दिसला पाहिजे," नेड्रा म्हणाली. ती मारेनची पणती. वय एक्याऐंशी. टोलबो घराण्याच्या संमेलनाची तहहयात अध्यक्षा.

"द्या की थोरलीला निळा. लाल आमच्या बोडिलचा," ट्रॅक्टर विकणारा ड्वेन म्हणाला.

"आणि हॅना धाकटी, म्हणून तिला राखाडी गुंडाळणार का?" हॅनाच्या घरची जोलीन फणकारली. "दिसायला तीच उजवी होती. अँडर्स आजोबा चौथ्यांदा बोहल्यावर चढले ते काही उगाच नाही!"

अँडर्स टोलबोला जाऊन सव्वाशे वर्षं झाली होती. पण त्याच्या बायकांचा सवतीमत्सर नातवंडा-पतवंडांनी इमानेइतबारे चालू ठेवला होता.

वर्लीन पिकेट मुकाट्यानं सगळं टिपून घेत होती. ती शाळेतली निवृत्त चित्रकला शिक्षिका. हातगाड्या ढकलत, माळरानं तुडवत अमेरिकेतल्या युटापर्यंत आलेल्या जुन्या मॉर्मन, म्हणजे तेव्हा बहुपत्नीत्व पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, बायकांची चित्रं ती सहा वर्षांपासून काढत होती. त्यांच्या नवऱ्यांचे पुतळे गावोगाव उभे होते. बायका उरल्या होत्या त्या तपकिरी फोटोंत, ओठ घट्ट मिटून. वर्लीन त्यांना केशरी गाल द्यायची, जांभळ्या शाली द्यायची, मागे पिवळंधमक आकाश द्यायची. चोवीस जुलैला, मॉर्मन युटात पोचले त्या दिवशी, भरणाऱ्या संमेलनासाठी टोलबोंनी तिला तीन चित्रं सांगितली होती.

"पण वंशावळीत तर चार बायका आहेत," वर्लीन म्हणाली. "ही कीर्स्टिन कोण?"

तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"ती आपली नावाला होती," नेड्रा म्हणाली. "मूल नाही, फोटो नाही. तिचं चित्र लावणार कोण आणि बघणार कोण?"

"आणि भिंतीत खिळे तीनच आहेत," ड्वेननं भर घातली.

मारेन केस कसे बांधायची ते पाहायला वर्लीन गावच्या छोट्या संग्रहालयात गेली. तिथल्या बाईंनी टोलबोंचं खोकं पुढ्यात ठेवलं. तळाशी एक वही होती. टोलबो मूळचे डेन्मार्कचे, म्हणून डॅनिश भाषेतली, वर कीर्स्टिनचं नाव. वर्लीनला आजीकडून जेमतेम डॅनिश आली होती, पण तेवढी पुरली.

'मारेनचा पहिला. पायाळू. निळा पडलेला. तोंडानं वारा भरला. रडला.'

'बोडिलच्या जुळ्या. दोन्ही जगल्या.'

'हॅनाची मुलगी. आईला ताप. आठ दिवस तिच्या उशाशी.'

अशा सत्तावीस नोंदी होत्या. अँडर्सची मुलं सत्तावीस. कीर्स्टिन लग्नाआधीपासूनच सुईण होती, आणि टोलबो घराणं झाडून सगळं तिनंच जगात आणलं होतं.

वर्लीननं कुणाला न विचारता चौथं चित्र काढलं. हळदीच्या रंगाचा झगा, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, आणि "जोर लाव गं!" म्हणून ओरडताना उघडलेलं तोंड.

संमेलनात तिनं चारही चित्रांवरचे पडदे काढले आणि वही वाचून दाखवली. तो निळा पडलेला पोर म्हणजे नेड्राचे सख्खे आजोबा. तिनं रुमाल डोळ्यांना लावला.

"म्हणजे आम्ही सगळे..." ती म्हणाली.

वर्लीनला भरून आलं. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

नेड्रानं नाक पुसलं. "म्हणजे ती आमचीच. पहिलं बाळ आमचं."

"वा रे वा! आणि जुळ्या कुणाच्या?" ड्वेन उठला. "शेवटची बारा वर्षं ती बोडिलकडेच राहायची."

"राहायची कसली, राबायची म्हण!" जोलीन ओरडली. "सांभाळलं ते आमच्या हॅनानं!"

चित्राखालच्या पितळी पाटीवर 'मारेनची कीर्स्टिन' लिहायचं, 'बोडिलची' की 'हॅनाची', यावर दोन तास गेले. गाजर घातलेली हिरवी जेली टेबलावर वितळली. बटाटे गार झाले. शेवटी भूक लागली तेव्हा तोडगा निघाला. घराण्यात वाद नकोत, म्हणून पाटीवर तिचं नावच घालायचं नाही. आठवड्याभरात पाटी आली: 'एक आद्य वसाहतकार स्त्री. मारेन, बोडिल आणि हॅना यांच्या कुटुंबीयांकडून, कृतज्ञतापूर्वक.' चौथा खिळा ड्वेननं मोठ्या मनानं स्वतः ठोकला.

दुसऱ्या दिवशी वर्लीन रंग घेऊन संमेलनाच्या सभागृहात आली. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तिची सही होती. तिनं त्यावर हळदी रंग फासला. तो वाळेपर्यंत बाकावर बसून राहिली. मग बारीक ब्रशनं त्याच जागी लाल अक्षरांत लिहिलं: कीर्स्टिन.

कुणाच्या लक्षात आलं नाही. सही कोण बघतं?

पुढच्या जुलैत ड्वेनची नवी सून पाहुण्यांना चित्रं दाखवत फिरत होती. चाळीसेक माणसं मागे. चौथ्या चित्रापाशी तिनं पाटी वाचली, मग वाकून डोळे बारीक केले.

"आणि हे चित्र काढलंय कीर्स्टिन नावाच्या बाईंनी!"

"कीर्स्टिन," "कीर्स्टिन का? छान," मागून दोघा-चौघांनी म्हटलं.

बटाट्यांची बशी घेऊन वर्लीन तिथंच उभी होती. चूक सुधारायला तिनं तोंड उघडलं. मग मिटलं.

"तुम्ही ओळखता का हो त्यांना?" सुनेनं विचारलं.

"न ओळखून कसं चालेल?" वर्लीन म्हणाली. "फार गुण होता तिच्या हाताला."