बर्फीची सुई

"अहो, जरा हळू. ती दचकते," सुहासिनी म्हणाली.

चिंतामणी फक्त चहाचा कप खाली ठेवत होते. पण दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात नवऱ्याने कप किती आवाज करत ठेवायचा, हे सध्या मांजर ठरवत होती.

मांजर बशीतलं खाण्यात गुंग होती. सुहासिनीने तिच्या मानेमागची सैल कातडी चिमटीत धरली, सुई टोचली आणि काढली. मांजरीने मान वर करूनही पाहिलं नाही. "शहाणं गं माझं बाळ ते!" सुहासिनी म्हणाली. एवढं कौतुक चिंतामणींच्या वाट्याला लग्नातसुद्धा आलं नव्हतं.

मांजर घरची नव्हती. टाकून दिलेली जनावरं सांभाळणाऱ्या गीतांजलीने ती 'फॉस्टर'ला दिली होती, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पोसायला. तिला शुगर होती. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन द्यावं लागे. आणि तिचं नाव बर्फी होतं.

"शुगरवाल्या मांजरीचं नाव बर्फी," चिंतामणी म्हणत. "मंग माझं नाव काहून नाही ठेवत खोव्याची जलेबी?"

कारण शुगर त्यांनाही होती. ती 'बॉर्डरवर' आहे, असं ते नोकरीत असल्यापासून सांगत आले होते. बॉर्डर कुठली, हे कुणी विचारलं नाही आणि शुगर तर ती केव्हाच ओलांडून आत आली होती. पावसाळ्यात त्यांच्या अंगठ्याला चप्पल चावली. होळी आली तरी जखम भरेना. ओमती भागातले त्यांचे डॉक्टर गोळ्या बदलून बदलून दमले. शेवटी त्यांनी स्पष्टच सांगितलं, इन्सुलिन सुरू करा, नाहीतर अंगठा जाईल. आणि मग अंगठ्यावरच थांबेल असं नाही.

चिंतामणींनी साफ नकार दिला. त्यांच्याकडे भक्कम पुरावा होता. थोरले बंधू श्रीपाददादा इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षाच्या आत गेले. त्याआधी दादांनी वर्षानुवर्षं औषध घेतलं नव्हतं आणि पेढा सोडला नव्हता, पण पेढ्यावर कुणी आळ घेतला नाही. दादांना सुईनेच नेलं, असं घराण्यात एकमताने ठरलं.

"आन् टोचणार कोन?" ते बायकोला म्हणाले होते. "मी काही स्वतःला भोसकून घेत नाही. कंपाउंडर रोज दारात आला तर मोहल्लाभर बोंब. आन् तू तर सुई पाहूनच आडवी होते."

हे खोटं नव्हतं. रक्त तपासायला गेलं की सुहासिनीला आधी बाकावर निजवावं लागे. बायकोच्या भित्रेपणाचा चिंतामणींना एवढा आधार आजवर कधी वाटला नव्हता.

अशा बाईने सुईवाली मांजर घरी आणावी! आधी तिने संत्र्याला टोचून पाहिलं, तर संत्रं ठीक आणि हिलाच घाम. मग मांजरीला टोचायला घेतलं आणि जी भिंतीला टेकून बसली, ती पाणी मारल्यावरच उठली. मांजर तोवर बशी चाटून मोकळी. चिंतामणींनी हा किस्सा मंडळात तिखटमीठ लावून सांगितला. लोक पोट धरधरून हसले.

तरी बाईने सोडलं नाही. सिहोऱ्याला भाचीचं लग्न होतं, तिथेही ती गेली नाही. का, तर बर्फीची संध्याकाळची सुई!

"लोकायच्या बायका नवऱ्याले जपून राहिल्या आन् आमची मांजरीले," ते म्हणत. म्हणत थट्टेने, पण मनाला ते लागत होतं. आपला पाय ठसठसतो आहे आणि ही मांजरीला चुचकारते आहे, हे खुर्चीत बसून पाहताना त्यांना अगदी एकटं वाटे.

एका रविवारी गीतांजली पिंजरा घेऊन आली. बर्फीला कायमचं घर मिळालं होतं. आता रडारड होणार म्हणून चिंतामणी पेपर पसरून ऐटीत बसले.

सुहासिनीने मांजरीचं औषध, सुया, बशी असं सगळं पिशवीत भरून दिलं. डोक्यावरून हात फिरवला. "नीट जेवत जा गं बाई," म्हणाली आणि स्वतःच पिंजऱ्याची कडी लावली. चिंतामणींचा हिरमोड झाला.

"आंटी, रोना नहीं आया?" गीतांजलीलाही नवल वाटलं. "चलो, अजून एक पिल्लू आहे माझ्याकडे. एकदम तंदुरुस्त. आणू?"

"तंदुरुस्त?" सुहासिनी म्हणाली. "मग नको."

गीतांजली हसत चिंतामणींकडे वळली. "अंकल, आंटी भी ना! तेव्हा पण मी चांगली मांजर देत होती. पण यांची एकच जिद, मला शुगरवालीच पाहिजे."

"त्यात पुण्य जास्त लागत असन," चिंतामणी पेपराआडून म्हणाले.

गीतांजली पिंजरा घेऊन गेली. सुहासिनीने दार लावलं आणि सरळ जाऊन फ्रिज उघडला.

"मांजर गेली न तुझी? आता काय शोधून राहिली तिथं?"

ती इन्सुलिनचं नवं, न फोडलेलं खोकं आणि सुई घेऊन आली. साबणाने हात धुतले आणि त्यांच्या खुर्चीपुढे खाली बसली. तिचे डोळे आत्ता कुठे भरून आले होते. हात मात्र स्थिर होता.

"हात बसावा म्हणून आणली होती हो तिला," ती म्हणाली. "आता सदरा वर करा."