तांदळाचं पिंप

सत्त्याऐंशी साली माझ्या शेजारच्या सहदेवचं बिऱ्हाड कुर्ल्याच्या चाळीतून दिंडोशीला निघालं. जाता जाता त्याच्या बायकोला, सुगंधावहिनीला घाबरवल्याशिवाय मी सोडतोय होय? तिच्या तीन वर्षांच्या चिमीला तांदळाच्या रिकाम्या पिंपात बसवलं, झाकण अर्धं उघडं ठेवलं आणि म्हटलं, "चूप बस हां, आईची गंमत करू."

हमालांना चहा सांगून परत आलो, तर पिंप नाही, वहिनी नाही, टेम्पोपण नाही.

"टेम्पो गेला पुढे," सहदेव तुळस घेऊन रिक्षात बसत म्हणाला. "तांदळाचं पिंप काय जड रे. हमालांनी झाकण सुतळीने करकचून बांधलं, तेव्हा कुठे चढलं."

मी धपकन त्याच्या शेजारी बसलो. त्याला वाटत होतं चिमी आईजवळ आहे, आणि आईला वाटत असणार बापाजवळ. खरं सांगायचं सोडून मी रिक्षावाल्याच्याच मागे लागलो, "दामटव रे, दामटव." त्यात आरे कॉलनीत म्हशी रस्ता अडवून उभ्या.

"काश्या, एवढा घाम का रे?"

दिंडोशीला टेम्पो नुकताच पोचला होता. रिक्षा थांबायच्या आत मी उडी मारली, पिंप छातीशी धरून एकट्याने खाली उतरवलं. कुठून बळ आलं देव जाणे. दातांनी सुतळी तोडली, झाकण काढलं.

आत पाटा-वरवंटा.

टेम्पोच्या केबिनमध्ये चिमी आईच्या मांडीवर खिदळत होती.



"भावजी, झाली ना गंमत?" वहिनी म्हणाली. "आता पाटा उतरवलाच आहे, तर तिसऱ्या माळ्यावर पण तुम्हीच न्या."