काळी नको, गोरी दे

कस्तुरीच्या आठव्या वाढदिवसाला हर्षदाने लेकीला आणि तिच्या वर्गातल्या सहा मैत्रिणींना सांगलीतल्या नव्या बर्गरच्या दुकानात नेलं. तिथे मुलांसाठी ऑफर होती. दुकानाचं गाणं जो सगळ्यात मोठ्यांदा म्हणेल, त्याला बाहुली फुकट.

स्पीकर लागला. “काळी नको, गोरी दे, चीजवाली पोरी दे.” एका मुलीने कस्तुरीकडे बोट दाखवलं. मग ‘काळी’ आलं की साऱ्याच तिच्याकडे बोट करून खिदळू लागल्या. कागदी मुकुटाखाली कस्तुरीचं तोंड एवढंसं झालं.

हर्षदा तरातरा काउंटरवर गेली. “हे गाणं बंद करा.”

“ताई, ते करपलेल्या टिक्कीबद्दल आहे,” मॅनेजर हसत म्हणाला. “मुलांना किती आवडलंय बघा की.”

ती वाद घालत असतानाच मागे टाळ्या वाजल्या. वळून पाहते तर कस्तुरी खुर्चीवर उभी राहून, गळ्याच्या शिरा ताणून तेच गाणं म्हणत होती. बाहुली तिलाच मिळाली.

रिक्षात ती आईला बिलगली. “मी सगळ्यात मोठ्यांदा म्हटलं ना, तेव्हा सगळ्या मला हसायच्या थांबल्या.”

हर्षदाने तिच्या डोक्यावरचा मुकुट सरळ केला.

“छान म्हटलंस,” ती म्हणाली.