लिफ्टवाला की कुलूपवाला

"अहो, मग जिन्याने जायचं ना!" दिवे लागताच क्लचताई म्हणाल्या.

पडद्यावर नुकताच एक परदेशी सिनेमा संपला होता. त्यातले गृहस्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिफ्टची वाट बघत उभे होते. लिफ्ट आली नाही. सिनेमा मात्र संपला, हे नशीब.

परीक्षक मंडळाचे अध्यक्ष असलेल्या प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. "जिना दाखवलेलाच नाही, ताई. तिथेच तर दिग्दर्शक मोठा आहे."

"बिल्डिंग आहे म्हटल्यावर जिना असणारच की."

शेजारच्या समीक्षकबाई हसल्या नाहीत. सिनेमा बघायच्या खोलीत त्या सहसा हसत नसत.

दोन जाणकार आणि एक सामान्य प्रेक्षक, अशी या छोट्या महोत्सवाची पद्धत होती. यंदाच्या सामान्य प्रेक्षक म्हणजे क्लचताई. त्या गाडी चालवायला शिकवत आणि दिवसभर "क्लच, क्लच!" असं ओरडत, म्हणून हे नाव. महोत्सवाचे चिटणीस त्यांच्याकडेच शिकायला होते. "तुमच्याकडे साध्या माणसाला जागा असते का हो?" असं ताईंनी विचारलं, तेव्हा चिटणीस भर चौकात गाडी बंद पाडून बसले होते आणि मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. नाही म्हणायच्या स्थितीत ते नव्हते.

वशिल्याला वाव नको म्हणून सगळे सिनेमे करणाऱ्यांची नावं कापून दाखवले जात. पहिला येईल तो आठवडाभर मोठ्या थिएटरात लागणार, बाकीचे मुकाट घरी परत.

"माझ्या पसंतीचा सिनेमा तिथे लागला पाहिजे," ताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "तेवढ्यासाठीच आलेय मी."

पण लक्षणं काही बरी नव्हती. लग्नात बँड वाजवणाऱ्या दोन भावांचा सिनेमा बघताना ताई पोट धरधरून हसल्या. "गर्दीला आवडेल असा आहे," समीक्षकबाई एवढंच म्हणाल्या आणि तो सिनेमा बाद झाला. मग एका बेटावरचा सिनेमा लागला. त्यात कुणी बोलतच नव्हतं. प्राध्यापक अगदी पुढे सरकून बघत होते.

"समुद्र काय सुंदर दाखवलाय नाही?" ताई म्हणाल्या.

प्राध्यापक खुर्चीत मागे टेकले. "हं. जरा जास्तच सुंदर." तोही गेला.

चिटणीसांना वाईट वाटे. चहा देता देता ते हळूच म्हणाले, "ताई, जरा बेतानं. तुम्ही चांगला म्हणालात की तो सिनेमा गेलाच म्हणून समजा."

"आवडलं ते आवडलंच म्हणणार. माझ्या जिभेला ब्रेक नाही." ताईंनी बिस्कीट चहात बुडवलं. "आणि तुम्ही आधी तो आरसा बघायला शिका."

शेवटचा सिनेमा कुणा नवख्या माणसाने उसन्या कॅमेऱ्यावर केलेला होता. एक बाई संध्याकाळी दुकान बंद करते, कुलूप लावते, थोडं पुढे जाते, परत येऊन कुलूप ओढून बघते. पुन्हा जाते, पुन्हा येते. दिवे लागले.

"मला तर बाई झोप लागली," ताई म्हणाल्या. "कुलूप लागलं की नाही, एवढं बघायला इतका वेळ? माझ्या शिकाऊ पोरांची गाडीसुद्धा याच्यापेक्षा लवकर पुढे सरकते!"

प्राध्यापकांचे डोळे चमकले. "म्हणजे या सिनेमानं तुम्हाला अस्वस्थ केलं."

"अस्वस्थ कसली? झोप लागली म्हणतेय ना!"

"झोप हे अस्वस्थतेचंच एक रूप आहे," समीक्षकबाई म्हणाल्या. या महोत्सवात त्या पहिल्यांदाच हसल्या.

निकालाच्या दिवशी दोनच सिनेमे उरले होते, लिफ्टवाला आणि कुलूपवाला. ताईंच्या पसंतीचा एकही नाही. चिटणीसांना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"मी जरा बोलू का?" ताई खुर्चीत सरसावून बसल्या. "त्यातल्या त्यात लिफ्टवाला बरा. त्या दिवशी मी थट्टा केली खरी, पण तो माणूस काही डोक्यातून जात नाही. आपण सगळेच उभे असतो हो असे! आमच्या शेजारणीला गोष्ट सांगितली तर तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. अगदी सगळ्यांना कळेल असा सिनेमा आहे."

प्राध्यापकांनी समीक्षकबाईंकडे बघितलं. समीक्षकबाईंनी चष्मा पुसायला घेतला.

"सगळ्यांना कळेल असा," प्राध्यापक सावकाश म्हणाले. "आता तुम्ही म्हणताय तर मलाही तो थोडा उघडच वाटतोय."

"आणि त्या कुलूपवाल्याला बक्षीस दिलंत ना, तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. मी आत्ताच सांगून ठेवते!"

हात वर करून मतं झाली. लिफ्टला एक, ताईंचं. कुलुपाला दोन.

ताईंनी मान खाली घालून पिशवी उचलली. प्राध्यापकांना बिचाऱ्या ताईंची दया आली. जिंकलेल्या माणसाला दयाळू व्हायला काय लागतं! दारापर्यंत सोडायला येऊन ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, ताई. तुमच्या मतांचा आम्हाला फार उपयोग झाला."

"तुम्ही जाणकार माणसं. मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" ताई म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

शिकवणीच्या गाडीत बसून त्यांनी काचा वर केल्या, डोळे पुसले आणि फोन लावला. पलीकडून एक घाबरलेला आवाज आला, "काय झालं?"

"अगं, आईनं तुझ्या सिनेमाला पोटभर नावं ठेवली," ताई म्हणाल्या, "आणि तो पहिला आला."