दोन डाव्या बाह्या

कात्री भिंतीवर आपटून खाली पडली.

"मी नाही फेकली," शिंपी म्हणाला. "माझ्यातल्या जुन्या माणसाने फेकली."

बायकोने काजातली सुई तशीच सोडली. पाळकसाहेबांनी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देताना सांगितलं होतं, जुना पापी माणूस बुडतो आणि नवा वर येतो. तेव्हापासून हेच चाललं होतं. गिऱ्हाइकावर खेकसला तो जुना माणूस, ताट ढकललं ते जुन्या माणसाने. हा आपला नामानिराळा. दारू सुटली होती, हे ती नाकारत नव्हती. पण ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

आज तर कहर झाला. पाळकसाहेबांच्या कोटाचं कापड शिंप्याने स्वतःच मांडलं, एकावर एक, एक पदर उलटा ठेवायचा सोडून दोन्ही सुलट, आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. शिवून झाल्यावर लक्षात आलं. कापड संपलेलं. मग खापर बायकोवर फुटलं, आणि मागोमाग कात्री सुटली.

तिने खुंटीवरची पिशवी काढली, कपडे कोंबले. "मी ताईकडे चालले. परत यायचं का, ते तिथे गेल्यावर बघेन."

"जुन्याचा तुला फार त्रास होतो गं," शिंपी कळवळून म्हणाला.

"जुन्याचा नाही, नव्याचा!" ती कडाडली. "जुना तापट होता, पीतही होता. पण संध्याकाळी मान खाली घालून 'चुकलं गं' म्हणायचा. तुमच्या या नव्याला तेवढं एक बोलता येत नाही. बुडवायचा होता तो कोण, आणि बुडवून आलात कोणाला?"

शिंपी कात्री उचलायला वाकला. तेवढ्यात पाळकसाहेब दारात उभे. कोट बघायची त्यांना कोण घाई! त्यांनी तो अंगात चढवलासुद्धा. उजवा हात कोपरापाशी पिळवटून अडकला.

"अहो, हे काय झालं?"

शिंप्याने तोंड उघडलं. पुढचं वाक्य बायकोला पाठ होतं. तिने उंबऱ्याबाहेर पाय टाकला.

"कापड मी मांडलं, मीच कापलं," शिंपी अडखळत म्हणाला. "आणि ओरडलो हिच्यावर. कात्रीसुद्धा मीच फेकली, साहेब. दुसरं कोणी नव्हतं इथे." मग तो बायकोकडे वळला. "चुकलं गं."

तिने पाय मागे घेतला. मग आत आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि पाळकसाहेबांचा हात बाहीतून सोडवू लागली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमचा बाप्तिस्मा आज लागू पडला बघा."