दहावा ठिपका

पडद्यावर नऊ पांढरे ठिपके होते आणि एक काळा.

कॉन्स्टेबल मोनालीने ड्रोन मिरचीच्या शेतावर स्थिर धरला. त्याचा कॅमेरा उष्णता टिपत होता. अंधारातही जिवंत अंग पांढरं दिसायचं. एकेका ठिपक्यावर खूण नेऊन ती तापमान बघू लागली. बांधावर दोन बैल, एक गाय, पाच शेळ्या. मिरचीत कुत्रा.

"माणसाचा चेहरा तीस अंशांच्या वर असतो," ती म्हणाली. "आजी इथे असत्या तर दिसल्या असत्या."

भाईदास पडद्यावरून नजर काढत नव्हता. त्याची आई, यशोदाबाई, दिवेलागणीपासून बेपत्ता होती. हल्ली तिला घरची वाट आठवत नसे. शिंदखेड्याकडून बोचरा वारा सुटला होता. अशा थंडीत म्हातारं माणूस सकाळपर्यंत टिकत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"हे काळं काय? थंड आहे काहीतरी."

"तठे ठिबकनी नळी फुटेल शे, ताई. पानी साचेल व्हई. दुपारलेच मायले सांगं व्हतं, उद्या जोडसू."

"मग कुत्रा पाण्याशी का बसलाय, एवढ्या गारठ्यात? हाक मारा त्याला."

भाईदासने दोनदा हाक मारली. ठिपका हलला नाही.

"तो मायनंच ऐकस," भाईदास कसनुसं हसला. "मीबी तिनंच ऐकस."

मोनालीने ड्रोन नाल्याकडे वळवला. काटेरी झुडपांत काहीतरी लांबट, पांढरं आडवं पडलेलं दिसलं. दोघे धावत गेले. चुकलेलं वासरू होतं. नाल्याच्या पुढे बॅटरी संपेपर्यंत काहीच सापडलं नाही.

उजाडताना कुत्रा विव्हळू लागला, तेव्हा भाईदास मिरचीत शिरला.

नळी गळत नव्हती. फुटल्या जागी हिरव्या लुगड्याची चिंधी घट्ट आवळून बांधलेली होती. गळकी नळी दिसली की यशोदाबाई अशीच बांधायची. घरची वाट विसरली, पण हे विसरली नव्हती. शेजारी ती कुशीवर पडली होती. ओलंचिंब लुगडं अंगाला चिकटलेलं. अंगात जीव नव्हता.

धुळ्याला परतल्यावर मोनालीने रात्रीचं चित्रण पुन्हा लावलं. काळ्या ठिपक्यावर खूण नेली. चौदा अंश. खूण किंचित वर सरकवली.

तिथे, कुत्र्याच्या ठिपक्याला चिकटून, चेहऱ्याएवढ्या जागेत तेहेतीस अंश होते.